मासिक पाळीची नोंद ठेवणारे डायलिसिस केंद्र : अकरा महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षीच्या जून महिन्यापासून मी दादर पूर्वेच्या एका डायलिसिस केंद्रात आठवड्यातून तीन दिवस, सकाळी सहाच्या शिफ्टला, चार-चार तास मशीनवर असते. केंद्राची यंत्रे, तेथील स्वच्छता, टेक्निशियनचा सुई टोचण्याचा हात यांविषयी इतर रुग्ण लिहितच असतात. मला लिहायचे आहे ते मासिक पाळीविषयी, कारण मूत्रपिंडे निकामी झाल्यापासून येथे येईपर्यंतच्या काळात माझ्या पाळीबद्दल मला एकदाही कोणी विचारले नव्हते. या केंद्राचे नाव मी देत नाही आणि आधीच्या केंद्राचेही देत नाही.

आधीचे केंद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर होते. तेथे पाळीच्या दुसऱ्या दिवशी डायलिसिस आले की आदल्या रात्रीपासून मला धास्ती वाटे. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या) हातात दोन सुया, दोन्ही बाजूंच्या खुर्च्यांवर पुरुष रुग्ण, मध्ये पडदा नाही, आणि उठायचे म्हटले तर ‘चार तास धरा की’ असे उत्तर. एकदा उठले तेव्हा खुर्चीच्या रेक्झिनवर डाग पडलेला होता. तो मी माझ्या ओढणीने पुसला, कारण कापूस मागायला त्या वेळी फक्त पुरुष टेक्निशियन होते.

त्याच केंद्रात आठ महिन्यांत माझे हिमोग्लोबिन ९.४ वरून ६.८ वर आले. रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाच्या इंजेक्शनचा डोस दोनदा वाढवला, शिरेतून लोह दिले, आणि शेवटी रक्ताच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. मूत्रपिंडाच्या रुग्णाला रक्तक्षय असतोच, हे खरे आहे, कारण रक्त तयार करण्याचा निरोप देणारे हे संप्रेरक मूत्रपिंडातच बनते. पण रक्त कमी बनते आहे की बनलेले वाहून जाते आहे, हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि मीही आपण होऊन सांगितले नाही. त्याच सुमारास माझी आई मला मूत्रपिंड देण्यासाठी तपासण्या करून घेत होती. चढवलेल्या प्रत्येक पिशवीबरोबर परक्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात आणि मग दात्याशी जुळणे अवघड होऊ शकते, हे मला पुढे कळले. त्या दोन पिशव्यांचे दुःख मला अजूनही आहे.

दादरच्या केंद्रात पहिल्याच दिवशी, वजन आणि रक्तदाब लिहून झाल्यावर, सिस्टरांनी विचारले, ‘‘ताई, पाळी येते का? शेवटची कधी आली होती? किती दिवस जाते, पॅड किती लागतात?’’ आवाज खाली न आणता आणि वरही न चढवता, जसे पाणी किती पिता विचारावे तसे. फाइलमध्ये त्यासाठी वेगळा रकाना आहे. पाळी सुरू असेल तर त्या दिवशी हेपारिन कमी करतात किंवा अजिबात देत नाहीत. हेपारिन मशीनच्या नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून देतात, आणि मूत्रपिंडाच्या आजारात साठलेल्या विषारी द्रव्यांमुळे रक्तबिंबिका (रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स) आधीच नीट काम करत नसल्याने ही दोन कारणे एकत्र आली की पाळीचा रक्तस्राव वाढतो, एवढी साधी गोष्ट मला प्रथमच कोणीतरी समजावून सांगितली. हेपारिनशिवाय डायलिसिस करताना दर अर्ध्या तासाने सलाईन सोडून नळ्या धुवाव्या लागतात. यात धोकाही आहे. एकदा माझा फिल्टर गोठला आणि आतले रक्त परत देता आले नाही, म्हणजे जे वाचवायचे तेच थोडे गेले. हे होऊ शकते, असे सिस्टरांनी आधीच सांगून ठेवले होते, म्हणून मी घाबरले नाही.

पॅड बदलायचा असेल तर येथे मशीन काही मिनिटे थांबवून, नळ्यांतले रक्त फिरते ठेवून, रुग्णाला सोडतात. खुर्चीवर आधीच अंडरपॅड घातलेला असतो. पडदाही आहे. या तीन गोष्टींना फारसा खर्च येत नसावा, पण माझ्यासारखीला सोमवारी सकाळी घराबाहेर पडण्याचे बळ त्यांतूनच मिळते.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी केंद्रात स्त्रीरोगतज्ज्ञ येतात, आणि माझ्या दृष्टीने हीच येथील सर्वांत मोलाची सेवा आहे. त्यांनी मला मेन्स्ट्रुअल कप वापरून मोजायला सांगितले, कारण कपावर मिलिलिटरच्या खुणा असतात आणि ‘खूप जाते’ या शब्दांपेक्षा आकडा उपयोगी पडतो. एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्त गेले तर तो अतिस्राव मानला जातो, आणि माझे १४० च्या जवळ भरले. सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर जाड दिसले. मूत्रपिंडाच्या आजारात मेंदूकडून बीजकोशाला जाणारे इशारे बिघडतात, अंडे वेळेवर बाहेर पडत नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, अस्तर वाढत राहते आणि मग ते अवेळी, भरपूर कोसळते, असे त्यांनी कागदावर आकृती काढून दाखवले. अस्तराचा तुकडा तपासून तो निर्धोक असल्याची खात्री झाल्यावर त्यांनी लिव्होनॉर्जेस्ट्रेल हे प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक सोडणारे साधन गर्भाशयात बसवण्याचा सल्ला दिला. माझा रक्तदाब जास्त असल्याने इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या त्यांनी टाळल्या. ड्रोस्पिरेनोन हे संप्रेरक असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या रक्तातले पोटॅशियम वाढवू शकतात, म्हणून आमच्यासारख्यांनी त्या घेऊ नयेत, हेही सांगितले. साधन बसवल्यावर पहिले तीन-चार महिने अधूनमधून डाग पडत राहिले, तेव्हा मला ते काढून टाकावेसे वाटत होते. आता पाळी नावालाच येते आणि हिमोग्लोबिन १०.६ आहे.

पोटदुखीसाठी मी वर्षानुवर्षे केमिस्टकडून मेफेनॅमिक ॲसिडची गोळी घेत आले होते. मला अजून दिवसाला सुमारे ३०० मिलिलिटर लघवी होते, आणि ही उरलीसुरली क्षमता अशा वेदनाशामकांनी जाऊ शकते, हेही येथेच कळले. आता पॅरासिटामॉल आणि शेकण्याची पिशवी यांवर भागते.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर डोंबिवलीहून येणारी पंचविशीतली एक मुलगी असते. तिच्या बाबतीत सारे उलट होते. चौदा महिने पाळी नव्हती आणि स्तनांतून दूध येत होते. ‘बरे झाले, कटकट गेली,’ असे घरचे म्हणत, आणि दुधाबद्दल तिने आईलाही सांगितले नव्हते. प्रोलॅक्टिन हे दूध आणणारे संप्रेरक मूत्रपिंडे बिघडल्यावर रक्तात साठते आणि त्याने पाळी थांबू शकते. त्यात भर म्हणून ती मळमळीवर रोज डॉमपेरिडोन घेत होती, जे प्रोलॅक्टिन आणखी वाढवते. डॉक्टरांनी ते बंद केले. पाळी बंद असली तरी दिवस राहणारच नाहीत असे नसते, आणि प्रत्यारोपणानंतर तर काही महिन्यांतच बीजकोश पुन्हा कामाला लागू शकतात. तेव्हा मायकोफेनोलेट (नवे मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून दिले जाणारे औषध) चालू असताना गर्भधारणा झाली तर बाळात व्यंग येण्याची भीती असते, म्हणून गर्भनिरोधनाचा विचार शस्त्रक्रियेआधीच व्हावा, हे तिला आणि तिच्या नवऱ्याला समोर बसवून सांगितले गेले. असे बोलणे मी दुसरीकडे कोठेही ऐकले नव्हते.

आता उणिवा. स्त्रीरोगतज्ज्ञ दुपारी तीनला येतात. आम्ही पहिल्या शिफ्टच्या बायका सव्वादहाला मोकळ्या होतो, आणि डायलिसिसनंतर रक्तदाब उतरलेला असताना पाच तास बाकावर बसून राहणे कोणालाच झेपत नाही. ज्यांचे डायलिसिस सोमवार-बुधवार-शुक्रवारी असते, त्यांना तर त्यासाठी शनिवारी वेगळी खेप करावी लागते. मी ती केली, कारण मला भांडुपहून थेट गाडी आहे. कसाऱ्याहून येणाऱ्या बाईने कशी करावी? डायलिसिसचा खर्च माझ्या बाबतीत महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून भागतो, पण प्रोलॅक्टिन, थायरॉइड आणि सोनोग्राफी यांचे पैसे मी स्वतः भरले. स्वच्छतागृहात कचऱ्याचा झाकणाचा डबा नाही, आणि वापरलेले पॅड पिशवीत घालून लोकलमधून घरी न्यावे लागले आहे. पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांकडेही दुर्लक्ष होते. मूत्रपिंडाच्या आजारात पाळी काही वर्षे आधीच जाऊ शकते आणि हाडे तर आजारानेच ठिसूळ होत असतात, तरी पाळी गेली की त्यांच्या फाइलमधला रकाना नुसता रेघ मारून सोडला जातो.

केंद्राच्या सूचनावहीत मी डबा आणि वेळ या दोन्ही गोष्टी मार्चमध्ये लिहिल्या. डबा अद्याप आलेला नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी मात्र जुलैपासून एका शनिवारऐवजी बुधवारी सकाळी साडेदहाला येण्याचे कबूल केले आहे. ज्यांना तेथे नाव नोंदवायचे असेल त्यांनी पहिली शिफ्ट आणि सोमवार-बुधवार-शुक्रवार हे वार मागून घ्यावेत, आणि पाळीच्या तारखांचा मागचा सहा महिन्यांचा हिशेब लिहून न्यावा. सिस्टर तो मागतातच.