वेस बंद की दारोदार तपासणी?
मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या भीतीनं आमच्याकडे गावोगावी रस्त्यावर बाभळीच्या फांद्या आडव्या टाकल्या होत्या, बाहेरचा कुणी नको म्हणून. पहिले काही दिवस ते ठीकच होतं, खर्चही नाही, पण मुंबई-पुण्याहून चालत आलेली आपलीच पोरं वेशीवर ताटकळली आणि ताप आलेला माणूस भीतीपोटी गप्प बसायला लागला, हे फार वाईट.

धारावीत उलटं केलं. 1 एप्रिलला कोरोनाचा पहिला पेशंट सापडला, जेमतेम अडीच चौरस किलोमीटरात लाखो माणसं, संडास सार्वजनिक, तिथं कसलं आलंय घरी विलगीकरण! म्हणून पालिकेसोबत वस्तीतलेच खाजगी डॉक्टर पीपीई म्हणजे अंगभर संरक्षक पोशाख घालून गल्लोगल्ली फिरले, बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर लावून बघितलं, शाळेत खाटा टाकल्या, जेवणही तिथंच. माणसं मेहनतीची लागतात याला, पण मला हाच मार्ग पटतो कारण ओळखीचा डॉक्टर दारात आला की माणूस ताप लपवत नाही.