जांभ्या मातीवर फसलेली तीन रंगांची टॉर्च

गेल्या ऑक्टोबरात कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतील एका दुकानातून मी २,८५० रुपयांना एक टॉर्च घेतली. पांढरा, हिरवा आणि लाल असे तीन प्रकाश देणारी ही टॉर्च परदेशातील शिकाऱ्यांसाठी बनवलेली असून, गोळी लागून पळालेल्या हरणाचे रक्त हिच्या उजेडात अंधारातही उठून दिसते, असा दावा खोक्यावर छापलेला आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, त्यामुळे त्या कामासाठी ही कोणी घेऊ नये, हे आधीच सांगतो. मी ती घेतली, कारण वाहनाची धडक बसलेल्या किंवा कुत्र्यांनी फाडलेल्या प्राण्यांच्या शोधात वनविभागाच्या माणसांबरोबर मदतीला जाण्याची वेळ माझ्यावर अधूनमधून येते. जखम गोळीची असो वा गाडीची, माग काढण्याची रीत तीच असते.

टॉर्चची खरी परीक्षा नोव्हेंबरात झाली. राधानगरीहून दाजीपूरमार्गे फोंडा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रात्री साडेआठच्या सुमारास एका गाडीची भेकराला धडक बसली आणि ते लंगडत झाडीत शिरले. चालक भला माणूस. त्याने वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवले आणि आम्ही पोहोचेपर्यंत तो जागेवर थांबला. मी उत्साहाने नवी टॉर्च काढून झाडीकडे निघालो, तोच बरोबरच्या वनमजूर मामांनी हात आडवा घातला. “आत्ता मागं लागलासा तर मरंस्तवर पळंल ते. जरा बसू द्या त्याला.” त्यांचे म्हणणे शास्त्रालाही धरून आहे. हरणाच्या जातीतील प्राणी भीतीने जिवाच्या आकांताने पळत राहिला, तर त्याचे स्नायू आतून निकामी होऊ लागतात आणि जखम साधी असूनही तो काही तासांनी किंवा काही दिवसांनी दगावतो. बाहेरदेशी जाणते शिकारीही फुप्फुसात गोळी लागल्यास अर्धा तास आणि पोटात लागल्यास सहा ते बारा तास थांबतात, ते जनावर लांब पळू नये म्हणून. पाठलाग झाला नाही, तर जखमी जनावर जवळच्याच दाट आडोशाला बसते.

आम्ही दीड तास थांबलो. मग धडकेच्या जागेपासून सुरुवात केली. रक्त लालभडक होते, पण त्यात फेस नव्हता, म्हणजे फुप्फुस शाबूत असावे. काळपट किंवा हिरवट दुर्गंधीयुक्त रक्त असते, तर यकृत किंवा आतडे फाटल्याची शंका आली असती. कारवीच्या पानांवरचे डाग एकाच बाजूला आणि गुडघ्याच्या उंचीवर होते, त्यावरून जखम पायाची असल्याचा मामांनी अंदाज बांधला. प्रत्येक थेंबापाशी पांढऱ्या चिंधीची गाठ बांधायची आणि पुढचा थेंब सापडल्याखेरीज शेवटच्या गाठीपासून हलायचे नाही, एवढाच त्यांचा नियम होता.

येथे टॉर्चचा दावा कोसळला. लाल प्रकाशात लाल वस्तू फिकट होऊन आजूबाजूच्या रंगात मिसळते, आणि आपल्याकडची जांभ्याची माती मुळातच लाल, त्यामुळे थेंब दिसेनासा झाला. हिरव्या प्रकाशात रक्त काळे दिसते हे खरे. पण ओली माती, सुकलेली पाने आणि दगडावरची बुरशी हे सारेच काळे दिसू लागल्यावर त्या काळेपणाचा उपयोग काय? हिरव्या गवतावर किंवा बर्फावर ही युक्ती चालतही असेल, राधानगरीच्या जंगलात ती चालली नाही. उपयोगी पडला तो साधा पांढरा प्रकाश, तोही टॉर्च जमिनीलगत आडवी धरल्यावर, कारण तिरप्या उजेडात खुराच्या ठशाच्या कडांची सावली पडते आणि रक्त संपले तरी माग संपत नाही. एका ओढ्यापाशी डाग सुकून तपकिरी झाले होते, तेव्हा औषधाच्या दुकानातून आणलेले हायड्रोजन पेरॉक्साइड शिंपडल्यावर फेस आला आणि खात्री पटली. अर्थात पाल्याच्या ताज्या रसावरही थोडा फेस येतो, म्हणून त्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. तरीही ही छोटीशी बाटली माझ्या टॉर्चपेक्षा अधिक कामाची ठरली.

माझी सर्वांत मोठी तक्रार बटणाची आहे. एकच बटण असल्यामुळे प्रखर उजेडावरून मंद उजेडावर येताना मध्ये लुकलुकणारा झगझगाट पार करावा लागतो. पहाटे चारच्या सुमारास, रस्त्यापासून जेमतेम तीनशे मीटरवर जाळीत दोन डोळे चमकले आणि मी उजेड कमी करायला गेलो, तर नेमका तो झगझगाट भेकराच्या तोंडावर पडला. ते धडपडून उठले, दहा-बारा पावले गेले आणि सुदैवाने पुन्हा बसले. मामा काही बोलले नाहीत, पण टॉर्च माझ्या हातातून काढून घेतली. नंतर वनरक्षकांनी घोंगडीने त्याचे डोळे झाकले, तसे ते शांत झाले, आणि उजाडता उजाडता पशुवैद्यकांनी मागच्या पायाची जखम शिवली.

बाकी टॉर्चची बांधणी मजबूत आहे, दवात भिजूनही ती बंद पडली नाही आणि एका चार्जिंगवर मंद प्रकाशात पूर्ण रात्र निघाली. दुकानदाराने ती बदलून देण्यास नकार दिला, म्हणून सध्या ती घरातील दिवे गेल्यावर वापरतो. पाचपैकी दोन तारे देतो, तेही पांढऱ्या प्रकाशासाठी. पुढची टॉर्च घेताना रंगांकडे न पाहता, दुकानातच दिवा मालवून एका दाबात मंद प्रकाश लागतो की नाही, एवढे तपासून घेईन.