सॉफ्टवेअर बनवून घेताना: परवाना आणि एस्क्रो, की सगळी मालकी?

सरकारी कार्यालयासाठी सॉफ्टवेअर बनवून घ्यायचं ठरलं की एल-वन (सर्वांत कमी दराची निविदा) की क्यूसीबीएस (गुणवत्ता आणि दर दोन्हींना गुण देऊन निवड) यावर बैठकांमागून बैठका होतात. तो वाद महत्त्वाचा आहे. काम सल्लासेवा म्हणून काढलं तर सामान्य वित्तीय नियम 2017 मधल्या नियम 192 प्रमाणे गुणवत्तेला 80 टक्क्यांपर्यंत भार देता येतो. इतर सेवेत मोडलं तर ऑक्टोबर 2021 च्या सूचनांप्रमाणे तो जास्तीत जास्त 30 टक्के. पण सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरनं लिहिलेला सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, कोणाचा, हे कलम मात्र बहुतेकदा जुन्या निविदेतून उचललं जातं. मी ज्या केंद्रीय स्वायत्त संस्थेत होतो, तिथे हा निर्णय माझ्याकडे दोनदा आला. पहिल्यांदा परवाना आणि एस्क्रो घेतलं, दुसऱ्यांदा मालकी.

पहिला मार्ग कागदावर निर्धोक दिसतो. आपल्याला वापरायचा परवाना मिळतो, पण कोड कंपनीचाच राहतो, त्याची प्रत एस्क्रोत, म्हणजे त्रयस्थाकडे, असते, कंपनी बुडाली किंवा काम सोडून गेली तर ती आपल्याला मिळते. दर कमी येतात, वित्त अधिकारी लवकर सही करतात. आम्हीही समाधानी होतो.

मग 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. आमच्या भांडार आणि देयकांच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हॅट आणि सेवाकराचे रकाने होते. तिथे सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी आणि वस्तूंच्या वर्गवारीचे एचएसएन कोड हवे होते. कंपनी बुडालेली नव्हती. फोन उचलला जायचा, मेलला नम्र उत्तर यायचं. तो भाग लिहिणारा मुलगा नोकरी सोडून गेला होता आणि नवा माणूस दर वेळी पुढच्या आठवड्यात येणार असायचा. बदलाचे पैसे वेगळे, म्हणून नवी नस्ती, नवी मंजुरी. सप्टेंबर संपेपर्यंत लेखा विभागातल्या दोघीजणी दिवसा एक्सेलमध्ये बिलं करायच्या आणि संध्याकाळी थांबून तेच आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरायच्या. कोड तिजोरीत सुरक्षित होता, पण तो बाहेर काढायला करारातली एकही अट लागू होत नव्हती. एस्क्रोचा करार लिहिताना आम्ही कंपनी मरण्याचा विचार केला होता. जिवंत असून न फिरकणाऱ्या कंपनीचा केलाच नव्हता. त्या दोघींना रोज उशीर होताना पाहून माझं मत बदललं, हे मान्य करतो. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल.

मालकीचा मार्गही सोपा नाही. पैसे आपण दिले म्हणून हक्क आपला, असं धरून चालू नये. कॉपीराइट कायदा 1957 मध्ये शासकीय कृतींची पहिली मालकी सरकारला देणारी कलम 17 ची तरतूद आहे, पण स्वायत्त संस्थेनं तिच्यावर विसंबू नये असं मला वाटतं. हक्क लेखी हस्तांतरित करून घ्या. त्यातही कलम 19 कडे लक्ष हवं: मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. दर थोडे चढे येतात. कंपनीनं आधीच लिहून ठेवलेले भाग कंपनीचेच राहतात. त्यांच्यापुरता कायमचा परवाना मागावा, हट्ट धरू नये.

खरी खबरदारी हप्त्यांच्या कलमात घ्यावी लागते. शेवटी पेनड्राइव्हवर आलेला कोड आपल्या मशीनवर चालेलच असं नाही. आम्ही पहिल्या दिवसापासून कोड संस्थेच्या सर्व्हरवर ठेवायला लावला, आणि आमच्या माणसानं तो तिथून स्वतः बिल्ड करून, म्हणजे कोडपासून सॉफ्टवेअर तयार करून, चालवून दाखवल्याशिवाय त्या टप्प्याचं बिल काढलं नाही. कंपनीनं सुरुवातीला कुरकुर केली, पुढे तिलाही सवय झाली. शिवाय सरकारी ॲप्लिकेशनचा कोड इतर कार्यालयांना वापरता यावा असं केंद्राचं 2015 चं धोरण आहे. हक्कच आपल्याकडे नसेल तर तो देणार कसा?

कंपनीचं उत्पादन दहा ठिकाणी चालू असेल आणि तुम्हाला त्यात चार अहवालच वाढवून हवे असतील, तर परवाना पुरे. तेव्हा एस्क्रोच्या अटींत एवढं मात्र घाला: लेखी मागणीनंतर 30 दिवसांत दुरुस्ती झाली नाही तरी कोड मिळेल.

आमच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या देखभालीचं कंत्राट नंतर वेगळ्या कंपनीकडे गेलं. त्यांच्या मुलीनं आमच्याच सर्व्हरवरून कोड घेतला आणि चौथ्या दिवशी देयकाच्या छपाईतली एक जुनी चूक दुरुस्त करून दिली.