बिबट्या की डुक्कर? पैज लावण्याआधी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या गावात पत्त्यांचा डाव बसतो तसा वादही बसतो. गेली चार-पाच वर्षं वाद एकच. केळीतला बिबट्या आणि मक्यातलं डुक्कर समोरासमोर आले, तर शेवटी उभं कोण राहील? पारावर दोन गट आहेत आणि हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला शेवभाजी घालायची असं ठरलंय. मी आधी बिबट्याकडून होतो. दोन वर्षांपूर्वी उठलो आणि पलीकडे जाऊन बसलो. तेव्हापासून नवीन पोरगं पारावर आलं की मलाच विचारतं, ‘काका, कोणावर लावू?’ दरवेळी तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

डुक्कर म्हणजे इथे एकटा फिरणारा पोक्त नर धरायचा, पिल्लांचं लेंढार घेऊन निघालेली मादी नाही. बिबट्याही तसाच, पूर्ण वाढीचा नर. वजनं पारावरच्या सगळ्यांना पाठ आहेत: बिबट्या साठ-सत्तर किलोच्या आसपास, डुक्कर सहज शंभरी ओलांडतो. पण नुसत्या वजनावर निकाल लागत असता तर जंगलावर म्हशीचं राज्य असतं.

आधी बिबट्याकडून बोलतो. सातपुड्याच्या पायथ्याला, जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा-यावल पट्ट्यात ज्याची शेती आहे, त्याला केळीचा बाग आणि बिबट्या यांचं नातं वेगळं सांगायला नको. वर डोंगरात यावलचं अभयारण्य 1969 सालापासून आहे, पण त्याच्या हद्दीचा बोर्ड या दोघांपैकी कोणालाच वाचता येत नाही. मे महिन्यात बाहेर पारा पंचेचाळीसवर असताना मृगबागेत, म्हणजे मृगात लावलेल्या केळीत, शिरून पाहा. पाच बाय पाच फुटांवर खोडं, वर पानाला पान भिडलेलं, खाली ठिबकनं ओली झालेली जमीन. भर दुपारी आत संध्याकाळ असते. दहा फुटांपलीकडे माणूस उभा असला तरी दिसत नाही.

मला तो दिसला तो रात्री. आमच्याकडे शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात दीड वाजता व्हॉल्व्ह बदलायला गेलो, बॅटरी मारली, तर बांधावर दोन डोळे. दोन बैलगाड्या मावतील एवढंच अंतर. तो बसलेला होता, एखादं मांजर ओट्यावर बसतं तसा. माझ्याकडे पाहिलं, उठला आणि शेजारच्या केळीत गेला. लक्षात राहिलं ते एवढंच की तो आत गेला तरी पान हललं नाही. वाळलेल्या पानांवरून मी चाललो तर घरापर्यंत आवाज जातो. तो गेला, आणि काहीच गेलं नसावं तशी शांतता.

बिबट्याचं खरं हत्यार हेच. नखं-दात नंतर. तो आहे हे समोरच्याला कळतच नाही. मागून किंवा बाजूनं येतो, मान धरतो, गळा दाबतो आणि श्वास थांबेपर्यंत सोडत नाही. लढाई त्यानं ठरवलेल्या जागी, त्यानं ठरवलेल्या वेळी, वारा त्याच्या तोंडावर असताना सुरू होणार असेल, तर मी आजही त्याला कमी लेखणार नाही. तीन वर्षं मी याच्यावरच पैज लावत होतो.

आता डुकराची मान शोधा. शेळीला मान असते, कुत्र्याला असते. डुकराचं डोकं सरळ खांद्यात घुसलेलं. वर राठ केसांचा तुरा. पोक्त नराच्या खांद्यावर कातडीखाली जाड, कडक थर असतो, नुसती ढाल. डुकरं एकमेकांशी भांडतात तेव्हा सुळे तिथेच अडतात. म्हणजे राहिला गळा. आणि गळ्याला शेजार आहे सुळ्यांचा. शंभर किलोचं जनावर जागच्या जागी गरगर फिरत असताना त्याच्या गळ्याला दोन-चार मिनिटं लटकून राहायचं, हे काम मला तरी जड वाटतं. त्यातून बिबट्या एकटा शिकारी. मांडी फाटली तर त्याला कोणी आयतं आणून घालणार नाही.

डुकराबद्दल मी सांगतो ते एका कडुनिंबावरून. माझ्या शेताच्या कोपऱ्यात ठिबकचा फिल्टर आहे, तो गळतो. दुरुस्त करू करू म्हणत तीन वर्षं झाली. तिथे कायम चिखल. एक डुक्कर रात्री त्यात लोळतं आणि बाजूच्या निंबाला अंग घासतं. खोडावर चिखलाचा लेप बसलाय, वाळून भिंतीसारखा झालेला. मी त्याला पाय लावून उभा राहून पाहिलं. लेपाची वरची कड माझ्या मांडीच्या मध्यावर आली. त्यात केस अडकलेले. एक ओढून काढला, हातात दाभणासारखा ताठ, आणि टोकाशी फाटून दोन-तीन झालेला. लेपाच्या वर सालीत तिरपे दोन घाव. विळ्यानं मारले असते तर एवढे स्वच्छ आले नसते. त्यातून डिंक गळून गोठलेला.

त्या घावांना मी बोट लावून पाहिलं आणि तेव्हाच, खरं सांगायचं तर, थोडं मन बदललं. नराचा खालचा सुळा वरच्या सुळ्याला सतत घासला जातो. म्हणजे तोंड मिटता-उघडता धार आपोआप लागत राहते. माझा विळा मला पाणी लावून दगडावर घासावा लागतो. आणि तो सुळा लागतो कुठे? डुक्कर खाली मान घालून येतं आणि जवळ आल्यावर डोकं वर झटकतं. माणसाच्या मांडीला, बिबट्याच्या पोटाला.

मराठीत ‘मुसंडी’ हा शब्द उगाच नाही. दुसरं कुठलंही जनावर हल्ला करतं, डुक्कर मुसंडी मारतं. मी कुंपणाच्या तारेला झटका देणारं मशीन लावलं होतं तेव्हाची गोष्ट. तारेला नाक लागलं की गाय मागे उडी मारते, कुत्रं केकाटत पळतं. हा नर तारेला लागला, किंचाळला आणि पुढे गेला. तार, खुंट्या सगळं घेऊन पुढे. पारावरचे एक आजोबा तेव्हा एवढंच म्हणाले, ‘डुक्कर हटस नई, भो.’

तरीही मी बिबट्याकडेच होतो. बाजू बदलली ती एका त्रासापायी.

त्या वर्षी रब्बीला मका होता, कणसं दुधात आलेली. डुकरांसाठी मी सगळं करून बसलो होतो. जुन्या साड्यांचं कुंपण, सलूनमधून आणलेले केस बांधावर टाकणं, रात्री सुतळी बॉम्ब. प्रत्येक उपाय चार रात्री चालतो, पाचव्या रात्री डुकराला त्याची सवय होते. अशात शेजारच्या केळीत बिबट्या मुक्कामाला आला. गाव घाबरलं, मी मनातून खूश. म्हटलं, आता राखणीला जायचं काम नाही, वन खात्यानं फुकट जागल्या पाठवलाय. साड्या सैल झाल्या तरी ओढून बांधल्या नाहीत. वीस-बावीस दिवस बांधावर त्याचे पंजे दिसत होते, मक्याला धक्का नव्हता. पारावर मी छाती काढून बसत होतो.

मग एका सकाळी मका झोपलेला. चौदा ओळी, रोड-रोलर फिरवल्यासारख्या. अर्धी कणसं खाल्लेली, अर्धी नुसती तुडवलेली, आणि या दुसऱ्या अर्ध्याचा राग जास्त येतो. बांधावर गेलो. रात्रीच पाणी झालेलं, माती लोण्यासारखी, सगळं छापून ठेवलेलं. एकीकडून बिबट्याचे पंजे आले होते, गोल, नखं नाहीत, एका रेषेत. समोरून डुकराचे खूर, खोल रुतलेले. पंजे एका जागी बांध सोडून बाजूच्या पऱ्हाट्यांत उतरले, पंचवीसेक पावलं वळसा घालून पुन्हा बांधावर चढले. खूर मात्र नाकासमोर सरळ गेलेले.

दोघं एकाच वेळी तिथे होते असं मी छातीठोक सांगू शकत नाही. मातीवर घड्याळ नसतं. कदाचित बिबट्याला पऱ्हाट्यांत उंदीर दिसला असेल. पण मला जे दिसलं ते असं की एक वाकडा गेला आणि एक सरळ.

त्यानंतर तिसऱ्या रात्री बिबट्या खळ्यावर आला आणि मोत्याला घेऊन गेला. मोत्या म्हणजे बारा-तेरा किलोचं गावठी कुत्रं. साखळीचा तुकडा आणि पट्टा राहिला. तो पट्टा मी अजून ठेवलाय. दोनशे पावलांवर मक्यात शंभर किलो मांस रोज रात्री जेवत होतं, आणि यानं खळ्याची भिंत चढून माझं कुत्रं नेलं. बिबट्याबद्दल माझी तक्रार एवढीच. त्यानं स्वतःच तुलना केली होती. मी पारावर तीन वर्षं जे ठरवत होतो ते त्यानं तीन दिवसांत ठरवलं.

माझा राखणदार पावरा आदिवासी आहे, डोंगरातल्या पाड्यावरचा, वाघदेवाला नारळ वाहणारा. मी चिडून बोललो तर म्हणाला, ‘शेठ, तो भांडायला येत नाही, जेवायला येतो.’ बरोबरच आहे. तिकडे नगर जिल्ह्यात अकोल्याच्या ऊसपट्ट्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, त्यातही त्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचाच निघाला होता. शहाणं जनावर आहे. पण आमची पैज शहाणपणाची नाही.

पलीकडचा गट म्हणेल, बिबटे डुकरं मारतात, त्याचं काय? मारतात. पिल्लं मारतात, अर्धवट वाढलेली मारतात, आणि त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. वर्षभराचा हिशोब धरून पैज लावायची असेल तर बिबट्यावर लावा, मी हरकत घेणार नाही. पण पोक्त नर म्हटल्यावर गोष्ट बदलते. वाघ डुकरं नेहमी मारतो, तरी डुकराच्या सुळ्यांनी वाघ मेल्याच्याही नोंदी आहेत. बिबट्या तर वाघाच्या निम्म्याहूनही कमी.

राहिला झाडाचा मुद्दा. बिबट्या जखमी होण्याआधीच निंबावर चढून बसला, तर हार की बरोबरी? लढाईपेक्षा या कलमावर पारावर जास्त भांडण झालंय, एकदा तर चहाही कोणी प्यायला नाही. माझं मत विचाराल तर, जो चढला तो पत्ते टाकून उठला. डाव मांडून बसलेला माणूस ‘मला घरी काम आहे’ म्हणून उठतो तेव्हा आपण त्याला जिंकला म्हणत नाही. बिबट्यावाल्यांना हे पटत नाही, आणि त्यांचंही सगळंच खोटं आहे असं नाही.

तेव्हा पोरांनो, भरल्या केळीत, मागून, दीड-दोन वर्षांचं डुक्कर असेल तर बिबट्या. बाकी कुठेही, उघड्या रानात, बांधावर, पऱ्हाट्या उपटलेल्या वावरात, तुमचे पैसे तुमचे आहेत, पण मी माझे कुठे ठेवलेत ते सांगितलं. आणि खात्री करायला रात्री बॅटरी घेऊन जाऊ नका. दोघांनाही 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, तुम्हाला तिथे कोणाचंच नाही.

शेवभाजी अजून कोणी कोणाला घातलेली नाही. अट अशी आहे की दोन माणसांनी डोळ्यांनी पाहिलं पाहिजे, आणि दुसरा माणूस मिळत नाही. परवा एकदाचा फिल्टरचा वायसर बदलायला गेलो होतो. निंबाला पुन्हा पाय लावून पाहिला. चिखल चार बोटं वर गेलाय. वायसर तसाच खिशात घेऊन घरी आलो.