झेरॉक्सवाल्या युरोपच्या नोट्स: पान 87 सोडून सगळं आलं

एमए इतिहास बाहेरून करतोय, वय झालंय 43, दिवसभर जिनिंगच्या ऑफिसात बिलं आणि रात्री जेवण झाल्यावर लुई अन् हेन्री. कॉलेजला जाऊन लेक्चर ऐकणं काही जमत नाही, म्हणून जळगावला गेलो तेव्हा एका झेरॉक्स दुकानातून 'आधुनिक युरोप' च्या हातलिखित नोट्स उचलल्या. 210 पानं, 260 रुपये, स्पायरल बाइंडिंग त्यातच. दुकानाचं नाव टाकत नाही, बिचाऱ्याचा धंदा आहे, आणि नोट्स कोणी लिहिल्या ते तर त्यालाही माहीत नाही, पहिल्या पानावर फक्त 'ओम' आणि खाली अंडरलाइन. पण या नोट्स जळगाव, अमळनेर, चोपडा सगळीकडे फिरताहेत म्हणून लिहून ठेवतो, पुढच्याचा माझ्यासारखा पोपट नको व्हायला.

आधी चांगलं सांगतो, कारण चांगलं खरंच चांगलं आहे. ज्यांनी कोणी लिहिलंय त्या सरांना (अक्षरावरून मला सरच वाटतात, मॅडम असतील तर माफी) गोष्ट सांगता येते. बाजारातल्या गाइडमध्ये काय असतं, धर्मसुधारणा एक प्रकरण, धर्मयुद्धं दुसरं, निरंकुश राजेशाही तिसरं, आणि तिन्हींचा एकमेकांशी संबंध काय ते देवाला माहीत. इथे सरांनी सरळ धागा पकडलाय. 1517 ला ल्यूथर (पोपच्या विरोधात उठलेला जर्मन धर्मगुरू, त्याच्या बाजूने फुटले ते प्रोटेस्टंट), मग जर्मनीत मारामाऱ्या, 1555 ला ऑग्सबुर्गचा तह, म्हणजे ज्याचं राज्य त्याचा धर्म, राजा कॅथलिक तर प्रजा कॅथलिक, राजा ल्यूथरवाला तर प्रजा पण तीच, पटत नसेल तर बोचकं उचला आणि दुसऱ्याच्या राज्यात जा. आणि यात कॅल्विनवाले, म्हणजे प्रोटेस्टंटांचाच दुसरा पंथ, धरलेलेच नव्हते, ते बाहेरच राहिले. सरांनी तिथे बाजूला चौकटीत लिहिलंय, 'धर्म ठरवायचा अधिकार पोपकडून राजाकडे गेला, इथून पुढे लक्ष ठेवा.' हे एक वाक्य वाचलं आणि मला पुढची शंभर पानं सोपी गेली.

फ्रान्सचा भाग तर एक नंबर. 1562 ते 1598, छत्तीस वर्षं आपसात कापाकापी. त्यात 1572 चं प्रकरण असं लिहिलंय की मी रात्री साडेअकराला उठून पाणी पिलो. 18 ऑगस्टला पॅरिसमध्ये लग्न, नवरा प्रोटेस्टंट हेन्री, नवरी कॅथलिक राजाची बहीण, लग्न कशासाठी तर दोन्ही बाजूंचं भांडण मिटावं म्हणून. ह्युगेनॉटांचे, म्हणजे फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांचे, सरदार झाडून सगळे लग्नाला आलेले. आणि 24 तारखेला, वऱ्हाड अजून गावातच होतं बघा, पहाटे कत्तल सुरू. आधी पॅरिस, मग बाकीची शहरं, हजारो माणसं गेली. नवरदेव वाचला तो धर्म बदलून, नंतर सुटल्यावर परत प्रोटेस्टंट झाला, आणि 1593 मध्ये गादीसाठी परत कॅथलिक झाला. आमच्याकडे पुढारी सुद्धा इतक्या वेळा पक्ष बदलत नाहीत. पण याच माणसाने 1598 ला नांतचा हुकूमनामा काढला आणि ह्युगेनॉटांना त्यांच्या पद्धतीने प्रार्थना करायची मुभा दिली, वर काही किल्लेबंद शहरं पण त्यांच्या ताब्यात ठेवली. 1610 ला एका माथेफिरू कॅथलिकाने भर रस्त्यात त्याच्या बग्गीत चढून त्याला भोसकलं.

आता सरांची खरी कमाल. कत्तलीनंतर चारच वर्षांनी, 1576 ला, बोदँ नावाचा फ्रेंच कायदेपंडित सार्वभौमत्वाचा सिद्धांत मांडतो, की राज्यात शेवटचा शब्द एकाचाच पाहिजे आणि तो वाटून देता येत नाही. गाइडमध्ये हे 'राजकीय विचारवंत' म्हणून तिसऱ्याच प्रकरणात टाकलेलं असतं. सरांनी ते कत्तलीच्या शेजारी ठेवलं. मग कळतं ना भो, की हा माणूस राजाची चमचेगिरी करायला बसला नव्हता, त्याने गल्लीतली प्रेतं पाहिलेल्या देशात बसून लिहिलं. लोक इतके थकले होते की एकच मालक असला तरी चालेल पण रात्रीची झोप लागू दे, इथून निरंकुश राजेशाही उगवते.

रिशल्यूचं प्रकरण पण भारी, पण इथून तक्रारी सुरू. तीन पानांत त्याचं नाव तीन प्रकारे लिहिलंय, रिशल्यू, रिचेल्यू आणि रिश्लो. माझी मुलगी दहावीला आहे, ती नोट्स चाळत होती आणि मला विचारते, पप्पा हे तिघं भाऊ होते का. असो. हा स्वतः कॅथलिक कार्डिनल, म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्मगुरू, आणि 1624 पासून फ्रान्सच्या राजाचा मुख्य मंत्री. त्याने सरदारांचे आतल्या भागातले किल्ले पाडायला लावले, आणि ला रोशेल हे ह्युगेनॉटांचं बंदर 1627-28 मध्ये वर्षभराच्या वर वेढून, समुद्रात साधारण दीड किलोमीटरचा बांध घालून उपाशी मारलं. 27 हजारांच्या आसपास लोकांतले पाचेक हजार उरले. पण पुढच्या वर्षी तह करताना किल्ले, फौज सगळं काढून घेतलं आणि प्रार्थनेला हात लावला नाही. म्हणजे तुमच्या देवाशी त्याचं भांडणच नव्हतं, भांडण तुमच्या तटबंदीशी. मला आमच्या गावची गढी आठवली, लहानपणी तिची पांढरी माती लोक बैलगाड्या भरून घराच्या धाब्यावर टाकायला न्यायचे, आणि म्हातारे सांगायचे की एकेकाळी या गढीसमोरून चप्पल घालून जायची टाप नव्हती कोणाची.

तीस वर्षांचं युद्ध, 1618 ते 1648, फक्त सहा पानांत गुंडाळलंय, हे मला पटलं नाही. प्रागच्या खिडकीतून प्रोटेस्टंटांनी सम्राटाचे दोन कॅथलिक राज्यपाल आणि त्यांचा कारकून खाली फेकला, वीसेक मीटरवरून, तिघंही वाचले, कॅथलिक म्हणाले मेरीमातेने झेललं आणि प्रोटेस्टंट म्हणाले उकिरड्यावर पडले, हे मस्त रंगवलंय. पण 1631 ला माग्डेबुर्ग हे जर्मनीतलं प्रोटेस्टंट शहर जळालं, वीस हजारांच्या आसपास माणसं मेली, त्याला एक ओळ? आणि कॅथलिक फ्रान्स 1635 ला प्रोटेस्टंट स्वीडनच्या बाजूने उघड उतरला, धर्म कधी मागे पडला आणि राज्य कधी पुढे आलं ते इथेच तर दिसतं, ते पण घाईत उरकलंय. इंग्लंडला तर तीनच पानं, राजा चार्ल्सचं 1649 ला डोकं उडवलं, 1688 ला क्रांती, संपलं. तिथे राजा का हरला ते कोण सांगणार.

अजून एक, 'राज्य म्हणजे मीच' हे फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं वाक्य सरांनी अवतरणात, लाल पेनाने, तारखेसकट टाकलंय. तो असं बोलल्याचा धड पुरावा नाही, परीक्षेत लिहिताना जपून.

आता पान 87. चौदावा लुई, नांतच्या हुकूमनाम्यावाल्या हेन्रीचा नातू, इथे येतो. पाचवं वर्ष पुरं व्हायच्या आत राजा, पोरवयात सरदारांचं बंड, 1651 च्या एका रात्री पॅरिसचा जमाव त्याच्या झोपायच्या खोलीत घुसला आणि बारा वर्षांचं पोरगं झोपेचं सोंग घेऊन पडून राहिलं. तो पॅरिसवर आयुष्यभर डूख धरून राहिला. 1661 पासून कारभार स्वतः, 1682 ला दरबार पॅरिसबाहेर व्हर्सायच्या महालात, आणि ज्यांच्या आज्यांनी फौजा घेऊन राजाशी लढाया केल्या ते सरदार आता राजा झोपायला जाताना मेणबत्ती कोणी धरायची यावर रुसताहेत. हे सगळं वाचत पान 86 च्या तळाशी आलो, तिथे शेवटची ओळ 'लुईच्या आजोबांनी ह्युगेनॉटांना दिलेले वचन', पान उलटलं, वरची ओळ '72 वर्षे टिकले. एवढे दीर्घ राज्य युरोपात दुसरे नाही.' वाक्य कसं गोड बसलं बघा. मला शंका पण आली नाही. मी असाइनमेंटमध्ये ठोकून दिलं की लुईने आजोबांचं वचन 72 वर्षं पाळलं, सहिष्णू राजा.

असाइनमेंट तपासणाऱ्या मॅडमनी समासात लाल पेनाने फक्त '1685?' लिहिलं आणि 20 पैकी 9.

मग पाहिलं तर 86 नंतर सरळ 89. मधला कागदच नाही. आणि होतं काय त्या पानावर, तर 1685 ला लुईने तोच हुकूमनामा रद्द केला, प्रोटेस्टंटांची प्रार्थनाघरं पाडली, त्याआधीच त्यांच्या घरात सैनिक नेऊन बसवत होते, खा प्या तोडफोड करा, घरवाला धर्म बदलेपर्यंत. दोनेक लाख माणसं देश सोडून गेली, त्यात विणकर, घड्याळवाले, कारागीर. म्हणजे ज्या भांडणाला कंटाळून लोकांनी सगळी सत्ता एका हातात दिली, त्याच हाताने ते भांडण परत घरात आणलं. सगळ्या नोट्सचा जीव त्या पानात, आणि तेच गायब. योगायोग असा की हुकूमनामा टिकला 87 वर्षं आणि पान पण 87.

(एक आपल्या भागातलं, नोट्समध्ये नाही. तावेर्निए हा फ्रेंच व्यापारी प्रोटेस्टंट, 1669 ला लुईनेच त्याला सरदारकी दिली. हा माणूस सुरतेहून बऱ्हाणपूरला जाताना आपल्या नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपड्यावरून गेलाय, आणि नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो म्हणून लिहून ठेवलंय. मी चोपडा स्टँडवर एसटीची वाट बघत हे वाचलं, मजा आली.)

पुढच्या शनिवारी नोट्स घेऊन दुकानात गेलो. दुकानदाराने मास्टर कॉपी काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि म्हणतो, "आप्पा, मास्टरमाच नई शे ते पान." किती वर्षं असंच विकतोय विचारलं तर हसला. पण माणूस भला, तिथल्या तिथे एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला, तिने तिच्या कॉपीतल्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले, एकात अर्ध्या ओळीवर तिचा अंगठा आलाय. प्रिंट काढून दिली, पैसे घेतले नाहीत. स्पायरलची भोकं काही जुळेनात म्हणून स्टेपल मारून ठेवलीय.

5 पैकी साडेतीन. फ्रान्ससाठी घ्याच, इंग्लंडसाठी दुसरं काहीतरी बघा. दुकानातच उभं राहून 86 नंतर 87 येतंय का ते बघून मगच पैसे द्या, आणि मागची बाजू पण बघा, फिकी निघते.