१६ वर्षं एकाच कंपनीचे कीबोर्ड, आणि आता नॉर्ड स्टेज ३ कॉम्पॅक्ट : वर्षभर वाजवून मग लिहितोय

नॉर्ड घेऊन वर्ष झालं. गणपती, नवरात्र, लग्नसराई, नाट्यसंगीताचे तीन कार्यक्रम, सगळं त्यावर वाजवून झालं, म्हणून आता लिहायला बसलोय. घेतल्या घेतल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुकच झालं असतं. ओळखीतली वाजवणारी पोरं सारखी विचारतात, दादा चांगला चाललेला अरेंजर (रिदम आणि साथ आपोआप वाजवणारा कीबोर्ड) सोडून एवढं महागाचं का घेतलं, त्यात तर रिदमपण नाही. प्रत्येकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहितो.

मी सांगलीकडचा. २००७ पासून ऑर्केस्ट्रात वाजवतोय. आधी छोटा अरेंजर, मग मोठा अरेंजर, मग वर्कस्टेशन (आवाज घडवायची आणि गाणं रेकॉर्ड करायची सोय असलेला कीबोर्ड), तिन्ही एकाच कंपनीचे. कंपनीचं नाव घेत नाही, कारण त्या कीबोर्डांवर माझं घर चाललंय आणि जे झालं ते माझ्या पीसवर झालं. आणि एक सरळ सांगतो, अरेंजर वाईट नसतो. केरवा लावला, दादरा लावला, डाव्या हातानं कॉर्ड धरली की बेस, गिटार, तबला सगळं चालू, दोन माणसांत बारशाचा कार्यक्रम निघतो. ज्यांचं काम तसं आहे त्यांनी अरेंजर सोडूच नये.

माझं काम बदललं होतं. आमच्या ग्रुपला गेली सहा-सात वर्षं ढोलकी, तबला, ऑक्टापॅड, बेस गिटार सगळी माणसंच आहेत, म्हणजे माझ्या कीबोर्डमधला अर्धा भाग, ज्याचे मी पैसे मोजले होते, तो बंदच असायचा. आणि मला जे पाहिजे होतं, म्हणजे चांगला ऑर्गन, पियानो, पटकन बदलता येणारे आवाज, ते मेनूच्या तिसऱ्या पानावर.

दोन दिवाळ्यांमागं एका दिवाळी पहाटला गाणाऱ्या बाई अंतऱ्याच्या शेवटी लांब स्वर लावून उभ्या होत्या, मी खाली स्ट्रिंग्ज धरून ठेवल्या होत्या आणि त्या समेवर आल्या की लगेच ऑर्गन पाहिजे होता. मी बटण दाबलं आणि स्ट्रिंग्ज मधेच तुटल्या, अर्धा सेकंद काहीच नाही, मग ऑर्गन आला. समोर बसलेल्यांना कळलंसुद्धा नसेल. बाईंना कळलं, त्यांनी वळून बघितलं. काही बोलल्या नाहीत, पण आधाराला धरलेला स्वर मधेच काढून घेतला तर गाणाऱ्याचं काय होतं हे मला त्या बघण्यात दिसलं, आणि त्या दिवशी ठरवलं की आता स्टेजसाठीच बनवलेलं काहीतरी घ्यायचं.

नॉर्ड हे स्वीडनमधल्या क्लाव्हिया कंपनीचं. कंपनी १९८३ ची, स्टॉकहोमची. लाल रंगाचा नॉर्ड लीड सिंथ (विजेवर आवाज घडवणारा कीबोर्ड) १९९५ ला आला, पहिला नॉर्ड स्टेज २००५ ला, माझा स्टेज ३ हा २०१७ चं मॉडेल. २०२३ ला स्टेज ४ आला, तो मी एकदा हात लावून बघितलाय, छान आहे, पण त्याची किंमत माझ्या हिशोबात बसत नव्हती. माझा मी पुण्यातल्या एका वाजवणाऱ्याकडून सेकंडहँड घेतला, २ लाख १० हजारांना, हार्डकेससकट. घ्यायच्या आधी त्याच्या घरी दोन तास बसून ७३ च्या ७३ पट्ट्या हळू आणि जोरात वाजवून बघितल्या, ड्रॉबार (ऑर्गनचा आवाज बदलायचे ओढायचे दांडे) एकेक खालीवर करून खरखर येते का ऐकलं, चारही आउट तपासले, सूर वाकवायची पिच स्टिक सोडल्यावर सूर परत जागेवर येतो का ते ट्यूनर लावून बघितलं. जुनं घेणार असाल तर एवढं कराच, विकणारा खरा माणूस असेल तर त्याला राग येत नाही.

आता मुख्य गोष्ट. यात तीन भाग आहेत, ऑर्गन, पियानो आणि सिंथ, आणि तिन्हींची बटणं-नॉब समोर पसरलेली, प्रत्येकाचं काम ठरलेलं. स्क्रीन दोन आहेत पण बारक्या, त्यांच्याकडं बघायची वेळ फार येत नाही. रिव्हर्ब (आवाजाचा घुमारा) कमी करायचा, कर नॉब कमी. स्ट्रिंग्ज मागं ढकलायच्या, ढकल. पहिला महिना हाताला सवय नव्हती, मी सारखा वाकून शोधायचो, मग एक दिवस लक्षात आलं की अख्खा कार्यक्रम मी गाणाऱ्यांच्या तोंडाकडं बघून वाजवला. आधी माझं अर्धं लक्ष स्क्रीनमध्ये असायचं आणि उघड्यावरच्या कार्यक्रमात उन्हात तर ती दिसायचीच नाही. गाणारा श्वास कधी घेतोय, कुठं थांबणार आहे, हे आता मला दिसतं. माझ्यासाठी पैसे तिथंच वसूल झाले.

आणि ते आवाज बदलतानाचं तुटणं, ते यात नाही. स्ट्रिंग्ज धरून ठेवा, दुसरा प्रोग्रॅम निवडा, धरलेला स्वर बोट उचलेपर्यंत तसाच राहतो आणि नवीन वाजवाल ते नव्या आवाजात येतं. घरी आणल्यावर पहिला अर्धा तास मी हेच करत बसलो होतो.

ऑर्गनबद्दल जरा जास्त लिहितो कारण मला तो भाग जीव की प्राण आहे. हॅमंड ऑर्गन अमेरिकेत १९३५ ला आला, लॉरेन्स हॅमंडचा, आत लोखंडी चकत्या फिरायच्या आणि त्यातून सूर निघायचा. वर नऊ ड्रॉबार, जेवढा बाहेर ओढाल तेवढा तो स्वर त्यात मिसळतो. स्टेज ३ कॉम्पॅक्टवर हे नऊ ड्रॉबार खरेखुरे ओढायचे आहेत, त्याच मॉडेलच्या मोठ्या भावंडांवर त्याजागी दिवे आणि बटणं आहेत, मी कॉम्पॅक्ट घेतला त्याचं हे एक मोठं कारण. आपल्याकडं ज्यांनी पायपेटी वाजवलीय त्यांना हे लगेच समजेल. नाट्यसंगीताच्या साथीला जो ऑर्गन असतो त्याचे स्टॉप ओढून आपण आवाज भरदार करतो की नाही, तसंच, फक्त इथं मधल्या पायऱ्यासुद्धा मिळतात. माझी सवय अशी झालीय, मुखड्याला पहिले तीन ड्रॉबार पूर्ण बाहेर, बाकी बंद, गोल आणि शांत आवाज. अंतऱ्याला डावा हात मोकळा झाला की चौथा अर्धा ओढतो, आणि गाणं चढायला लागलं की शेवटचा हळूहळू बाहेर. ऐकणाऱ्याला काय बदललं ते सांगता येत नाही पण गाणं मोठं झाल्यासारखं वाटतं.

त्याच्या जोडीला फिरणाऱ्या स्पीकरचं बटण. खऱ्या लेस्ली स्पीकरमध्ये वर कर्णा फिरतो आणि खाली ड्रम, हळू किंवा जोरात. जोरात केलं की कर्णा पटकन वेग घेतो आणि खालचा जड भाग मागून सावकाश येतो, त्यामुळं आवाज एकदम बदलत नाही, हळूहळू वेग धरतो. नॉर्डमध्ये हे इतकं चांगलं केलंय की स्टेजवरच्या मॉनिटर स्पीकरमध्ये ऐकताना अंगावर काटा येतो. लांब स्वर धरायचा, गाणारी शेवटच्या ओळीवर आली की बटण दाबायचं आणि बाकी काही करायचं नाही.

मींड. आपल्या संगीतात हे नसेल तर कीबोर्ड निम्मा आहे. नॉर्डवर चाकाऐवजी लाकडी पिच स्टिक आहे. साधारण कीबोर्डच्या पिच व्हीलला मधे थोडी मोकळी जागा असते, बोट हललं तरी सूर हलत नाही. इथं तशी मोकळी जागाच नाही, जरा हात लागला की सूर हलतो, म्हणजे सतारीची तार ओढल्यासारखं. पहिले पंधरा दिवस माझे सूर बेसूर लागले, हे खरं सांगतो. मग रोज सकाळी नुसतं सा वरून रे पर्यंत आणि परत, तंबोरा लावून, अर्धा तास. आता बासरीच्या आवाजात गंधारावर आंदोलन घेता येतं ते आधी कुठल्याच कीबोर्डवर मला जमलं नव्हतं. एक ध्यानात ठेवा, स्टिक प्रत्येक भागाला वेगळी चालू-बंद करता येते, त्यामुळं खाली पियानोची कॉर्ड स्थिर आणि वर बासरीच तेवढी वाकते. आणि नॉर्डच्या इलेक्ट्रो ६ ला ही स्टिकच नाही, हलका आणि स्वस्त म्हणून तो घ्यायचा विचार असेल तर हे आधी समजून घ्या, आपल्या कामाला अडेल.

भारतीय आवाज जवळपास नाहीत असं समजूनच घ्या. पण स्वतःचे टाकता येतात, कंपनीचं सॅम्पल एडिटर सॉफ्टवेअर फुकट आहे, कॉम्प्युटरवर करायचं आणि यूएसबीनं आत सोडायचं. मी काय केलं, वडिलांची पेटी काढली. वडील गावातल्या भजनी मंडळात चाळीस वर्षं वाजवत होते, आता गुडघ्यांमुळं बसवत नाही. एका मित्राकडून माइक आणला, पंखा बंद, खिडक्या बंद, दुपारची वेळ. दर तिसऱ्या पट्टीचा एकेक लांब स्वर, वडिलांनी भाता ओढायचा आणि मी रेकॉर्ड करायचं, असे तेरा स्वर. अवघड गेलं ते लूप करणं, म्हणजे स्वराचा तुकडा न तुटता परत परत वाजत राहील असा जोडणं. भात्याची हवा कमीजास्त होते, त्यामुळं लूप जिथं जोडला जातो तिथं आवाज हिंदकळायचा. शेवटी वडील म्हणाले, भाता अर्धा भरून ठेव आणि मग नुसतं बोटाच्या टोकांनी दाबत राहा, हवा सारखी राहते. तसं केल्यावर प्रत्येक स्वराचे तीन-तीन सेकंद स्वच्छ मिळाले. मग व्हेलॉसिटी (पट्टी जोरात मारली की आवाज मोठा होणं) बंद केली, कारण पेटीची पट्टी जोरात मारली म्हणून आवाज मोठा होत नाही, आणि आवाजाचा चढउतार पायातल्या पेडलला जोडला. यात मॉर्फ म्हणून सोय आहे, बटण धरून नॉब फिरवला की तो नॉब पेडलवर चालतो, दहा सेकंदांचं काम. आता पायानं भाता मारल्यासारखं होतं.

काय नाही तेही सांगतो. रिदम नाही, स्टाइल नाही, रेकॉर्डिंगसाठी सिक्वेन्सर नाही, स्पीकर नाही. लग्नात एकटे वाजवणार असाल तर हा कीबोर्ड तुमच्यासाठी नाही. कॉम्पॅक्टच्या पट्ट्या ऑर्गनला मस्त आहेत, हात घसरवत नेता येतो, पण शांत पियानो वाजवायला हलक्या पडतात, ज्यांचं मुख्य काम पियानोचं त्यांनी जड पट्ट्यांचं मॉडेल बघावं, मग वजन वाढलं तरी. आउट साध्या जॅकचे आहेत, लांब केबल असेल तर डीआय बॉक्स (आवाज खरखर न होता मिक्सरपर्यंत नेणारी छोटी पेटी) लागतोच, साउंडवाल्याच्या भरवशावर राहू नका, स्वतःचे दोन ठेवा. ट्रान्सपोज (गाण्याची पट्टी बदलायची सोय) आहे, त्यामुळं ऐनवेळी गायिका म्हणाली आज काळी चार नको पांढरी चार घ्या, तरी अडत नाही.

वीज ही छोटी गोष्ट वाटेल पण लिहितो. माझ्या आधीच्या एका कीबोर्डच्या अडॅप्टरची पिन ढिली झाली होती, स्टेज लाकडी, कुणी नाचलं की बंद पडायचा, गावाकडच्या जत्रेत दोनदा झालं. नॉर्डला वीजपुरवठा आतच आहे, कॉम्प्युटरला असते तसली जाड वायर थेट लागते. तरी जनरेटरवर मी मधे छोटा यूपीएस लावतोच, एवढ्या पैशाची वस्तू आहे. वजन दहा किलोच्या आसपास, हार्डकेससकट दुप्पट होतं, पण एकटा माणूस जिना चढवू शकतो. आधी वर्कस्टेशन आणि अरेंजर दोन्ही न्यायचो तेव्हा टेम्पोशिवाय हलता यायचं नाही.

पैशाचं म्हणाल तर दोन लाख ही आमच्यासारख्यांना लहान रक्कम नाही. मी वर्कस्टेशन विकलं, त्याचे ७० हजार आले, बाकी साठवले, कर्ज काढलं नाही आणि कुणी काढावं असं सांगणारही नाही. महिन्याला दोन-तीनच कार्यक्रम असतील तर थांबा, किंवा आधी एखाद्या मित्राचा चार दिवस वाजवून बघा. आठ-दहा कार्यक्रम असतील आणि सोबत रिदमची माणसं असतील तर पुढच्यावेळी तेवढ्याच पैशात दोन अरेंजर घेण्याआधी एकदा नॉर्डसमोर बसा.

मोठा अरेंजर मी विकला नाही. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या एका पोराला दिलाय, तो गणपतीत मंडळाच्या आरतीला वाजवतो. आणि वडिलांच्या पेटीत मंद्राचा एक सूर जरा खरखरतो, रेकॉर्ड करताना मी तो एडिटरमध्ये साफ करायला घेतला होता. वडिलांनी ऐकून सांगितलं, राहू दे, ती तशीच वाजते. तो खरखरीचा सूर तसाच नॉर्डमध्ये आहे. गेल्या आषाढी एकादशीला त्यांच्याच भजनी मंडळात मी नॉर्ड नेला, साधा स्पीकर लावून ती पेटी वाजवली, खाली बसलेल्या एका म्हाताऱ्यांनी मान वर करून विचारलं, अण्णा आलेत काय वाजवायला?