कॅनिस्टर फिल्टर: अकराव्या सफाईनंतर

खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ताशी १२०० लिटर. तो आकडा बघूनच मी माशांच्या टाकीसाठी हा फिल्टर घेतला: टाकीबाहेर कपाटात बसणारा बंद डबा, जो नळीतून टाकीचं पाणी ओढतो आणि गाळून दुसऱ्या नळीने परत सोडतो. टाकी चार फुटी, साधारण २४० लिटरची, म्हणजे तासाला पाच वेळा पाणी फिरणार असा माझा भाबडा हिशेब. डब्यातल्या टोपल्या स्पंज-रिंगांनी भरून फिल्टर चालू केला आणि सहज म्हणून बाहेर येणारी नळी १० लिटरच्या बादलीत धरून वेळ लावली. ४३ सेकंद. म्हणजे ताशी साधारण ८४० लिटर. खोक्यावरचा आकडा मोकळ्या डब्याचा असतो. स्पंज, रिंगा, नळ्यांची वळणं त्यात धरलेली नसतात. (कुणाला मोजून बघायचं असेल तर नळीचं तोंड टाकीच्या काठाच्या उंचीलाच धरा. खाली सोडलंत तर आकडा उगाच फुगतो.)

तेव्हापासून प्रत्येक सफाईच्या आधी आणि नंतर सेकंद मोजून वहीत टिपते. दोन वर्षं झाली, गेल्या रविवारी अकरावी सफाई केली. त्यामुळे हा फिल्टर पाणी कसं साफ करतो यापेक्षा तो स्वतः कसा साफ होतो, यावरच लिहिणार आहे. पाणी तर तो छानच ठेवतो. पण माझ्या मते फिल्टर घेताना बघायची गोष्ट एकच: तो उघडतो कसा.

हा बरा उघडतो. दोन्ही नळ्या एकाच जोडावर बसतात आणि त्यावर एकच खटका आहे. तो फिरवला की दोन्ही तोट्या बंद होतात आणि जोड अख्खा वर निघतो, पेलाभरसुद्धा पाणी सांडत नाही. नळ्या कपाटातच राहतात, डबा न्हाणीघरात. चार क्लिपा उघडल्या की मोटरचं डोकं सुटतं, खाली एकावर एक तीन टोपल्या. पाणी खालून वर चढतं, म्हणून तळाला जाड स्पंज, मध्ये सिरॅमिक रिंगा, वर पांढरा कापूस. भरलेला डबा मात्र उचलताना कंबर आठवण करून देते.

पहिल्या सफाईत मी घोळ घातला. रिंगांवरचा तपकिरी थर बघून किळस आली आणि सगळं नळाखाली लखलखीत धुतलं. स्पंज, रिंगा, डबा, सगळं एकाच दिवशी. तिसऱ्या दिवशी एंजल मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडू लागले आणि निळी राहायला हवी ती नायट्राइटची चाचणी जांभळी झाली. माशांच्या घाणीतल्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी विषारी नायट्रेट करणारे जिवाणू त्या तपकिरी थरातच राहतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरिनने मी त्यांचाच निकाल लावला होता. पुढचे दोन आठवडे रोज पाणी बदलण्यात गेले. आता टाकीचं पाणी बदलायच्या दिवशीच सफाई करते आणि काढलेल्या पाण्याच्या तीन बादल्या बाजूला ठेवते. स्पंज त्यात पिळायचा, रिंगा नुसत्या हलवून खळबळायच्या, कापूस तेवढा फेकून नवा घालायचा. एक वर्षाने स्पंज फुसका झाला, तेव्हा त्याचा अर्धाच तुकडा बदलला, उरलेला दीड महिन्याने.

आता वहीतली माझी आवडती नोंद. चौथ्या सफाईआधी दहा लिटरला ७१ सेकंद लागत होते, म्हणजे ताशी जेमतेम ५०० लिटर. टोपल्या साफ करून जोडलं, तर ५७. पुन्हा उघडलं, काही सापडेना. शेवटी नळ्या काढून उजेडात धरल्या: आतून काळपट, बुळबुळीत अस्तर. लांब तारेला ब्रश असतो तसला घालून ओढला, तर गाळाची पेस्ट बाहेर आली. परत मोजलं, ४४. जेवढा प्रवाह मला टोपल्यांतून मिळाला, त्याच्या जवळजवळ दीडपट नळ्यांत अडकला होता! सोबतच्या पुस्तिकेत नळ्यांबद्दल एक ओळ नाही आणि खोक्यात ब्रशही नाही. याचे गुण मी कापलेत.

दुसरी तक्रार ओ-रिंगची, म्हणजे झाकणाच्या खाचेत बसणाऱ्या, पाणी गळू न देणाऱ्या रबरी कडीची. म्हटली तर तिची, म्हटली तर माझी. सहाव्या सफाईत झाकण घाईने दाबलं आणि खाचेत वाळूचा एक कण राहिला. संध्याकाळी सगळं कोरडं होतं, पहाटे कपाटाखाली थारोळं. तारेला सॉकेटच्या खाली झोळ देऊन ठेवला होता म्हणून पाणी तारेवरून सॉकेटपर्यंत पोचलं नाही. आता ओ-रिंग काढून पुसते, खाच बोटाने चाचपते, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवते. पेट्रोलियम जेली लावू नका, काही प्रकारचं रबर तिने फुगतं. शिवाय जोडल्यावर डब्याखाली वर्तमानपत्र घालून ठेवते. सकाळी कागद कोरडा असेल तरच कपाटाचं दार लावते.

वीज जाते त्याचंही सांगायला हवं. एकदा सात तास गेली आणि आल्यावर फिल्टर आपोआप सुरू झाला तेव्हा टाकीला सडक्या अंड्याचा वास. बंद डब्यातला प्राणवायू जिवाणूच संपवतात आणि मग आत कुजायला लागतं. आता जास्त वेळ वीज गेली की आधी प्लग काढते आणि डब्यातलं पाणी ओतून देऊनच परत चालू करते.

इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं मोटरचं पात्यांचं चाक, उत्तम आहे, आवाज नाही. मध्यंतरी खडखड आली होती, तर पात्यांमध्ये ज्वारीच्या दाण्याएवढी गोगलगाय सापडली. इम्पेलरचं घर दर वेळी जुन्या टूथब्रशने घासते, चुन्याचा पांढरा थर धरला असेल तर व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवून खळखळून धुते. आतला सिरॅमिकचा दांडा काचेसारखा तुटतो, एक मी तोडला. तो सुटा मिळतो. क्लिपा मात्र सुट्या मिळत नाहीत, अख्खं डोकं घ्या म्हणतात. चार आण्याच्या प्लास्टिकसाठी अख्खी मोटर!

फिल्टर सुरू करताना दाबून डब्यात पाणी ओढायचं रबरी बटण वर्षभरातच चिकटायला लागलं. मला त्याची गरज पडत नाही, कारण डबा टाकीच्याच पाण्याने काठोकाठ भरून झाकण लावते, मग तोट्या उघडते, डबा थोडा हलवून हवेचे बुडबुडे निघू देते आणि मगच प्लग.

पाचपैकी साडेतीन. हाच परत घेईन का? घेईन, पण ब्रश आणि ग्रीस त्याच दिवशी.

अकराव्या सफाईत आधी ६४ सेकंद, नंतर ४५. तळाच्या टोपलीतून अठरा गोगलगायी निघाल्या, सगळ्या जिवंत. टाकीत परत सोडल्या.